आधी भोपळा की आधी साचा?

गिटारचा साचा भिंतीवर टांगून ठेवता येतो. सतारीचा मात्र दरवर्षी शेतात पेरावा लागतो. मळवली स्टेशनपासून मिरजेच्या सतारमेकर गल्लीपर्यंत, वाद्यांच्या आकाराची ही गोष्ट.

‘साचेबद्ध’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. सिरीयल साचेबद्ध, सिलॅबस साचेबद्ध, आणि लग्नात भेटलेल्या काकांचा ‘मग, पुढे काय?’ हा प्रश्न तर शंभर टक्के साचेबद्ध. पण कॉलेजच्या कट्ट्यावर जी गिटार वाजते ना, तिच्याकडे एकदा नीट बघा. खांदे, कंबर, खालचा रुंद घेर. ही वळणं लाकडाने आपणहून घेतलेली नाहीत. सरळ पट्टीला कुणीतरी ओलं केलं, तापवलं, वाकवलं आणि साच्यात अडकवून ठेवलं, तेव्हा कुठे तिची गिटार झाली.

लाकूड कुठलं, तारा कुठल्या, पॉलिश कुठलं हे सगळे प्रश्न नंतरचे. वाद्य बनवणाऱ्याला आधी साचा ठरवावा लागतो. आणि एकदा तो ठरला की पुढच्या निम्म्याअधिक गोष्टी आपोआप ठरून जातात. थोडक्यात, अकरावीला साइड निवडण्यासारखं!

कट्ट्यावरची गिटार, सप्ताहातली वीणा

आपल्या मावळात तारेचं वाद्य हमखास दिसतं अशा दोन जागा. एक कॉलेजचा कट्टा, दुसरी गावच्या देवळातला अखंड हरिनाम सप्ताह. सप्ताहात विणेकऱ्याच्या गळ्यातली वीणा तुम्ही पाहिली असेलच. सात दिवस ती खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की तो दुसऱ्याच्या गळ्यात देतो, आणि वीणा उभीच राहते.

या दोन्ही वाद्यांना पोट आहे. तारेच्या वाद्याला ते लागतंच. नुसती तार छेडली तर आवाज जेमतेम ऐकू येतो, कारण एवढीशी बारीक तार हवा हलवून हलवून किती हलवणार? तिची थरथर घोडीवरून खालच्या पातळ फळीत उतरते. फळी मोठी, म्हणून ती जास्त हवा हलवते. आतली पोकळी त्या आवाजाला स्वतःचा रंग देते. म्हणजे गिटार काय किंवा वीणा काय, आपण ऐकतो ते बरंचसं तिचं पोट.

हे पोट करायच्या मुख्य तऱ्हा तीन. कोरायचं, वाकवायचं, नाहीतर उगवायचं.

कोरलेलं : मळवलीला उतरा

सारंगी आणि सरोद ही कोरलेली वाद्यं. लाकडाचा अख्खा ठोकळा घ्यायचा आणि आतून पोखरत जायचं. इथे वाकवण्याचा साचा लागत नाही, पण चूकही चालत नाही. एकदा जास्त कोरलं गेलं की कंट्रोल-झेड नाही.

कोरणं ही काय चीज आहे हे बघायला आपल्याला लांब जायला नको. लोणावळा लोकल पकडून मळवलीला उतरा आणि भाजे लेणी चढा. धबधब्यात भिजायला आपण सगळेच तिथे जाऊन आलोय. या खेपेला जरा आत बघा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला घेतलेली ही लेणी. इथल्या विहारात नाचणारी स्त्री आणि तिच्या साथीला तालवाद्य वाजवणारी दुसरी स्त्री कोरली आहे. ‘जगातला सर्वांत जुना तबला’ म्हणून ती रील्समध्ये फिरते. त्याच विहारात धनुष्यासारखी वाकलेली वीणा वाजवणारी आकृतीही आहे, तिचं मात्र रील कुणी करत नाही.

मग चैत्यगृहात जा आणि मान वर करा. तिथून समोरच्या डोंगरावर, कार्ल्याला गेलात तर आणखी छान. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या दगडी छताला आतून लाकडी कमानी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या. फासळ्यांसारख्या एकामागोमाग एक. गंमत अशी की या फासळ्या छत पेलत नाहीत. छत म्हणजे अखंड डोंगरच, त्याला कुणाच्या आधाराची गरज नाही.

मग त्या बसवल्या कशाला? कारण दगडात कोरायच्या आधी अशी सभागृहं लाकडात बांधली जायची. ती कधीच कुजून गेली. पण दगड फोडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तोच कमानदार आकार होता आणि तो त्यांनी डोंगरात जसाच्या तसा उतरवला. इमारती गेल्या, आकार राहिला. साचा नेमकं हेच काम करतो. वस्तू संपली तरी तिचा आकार जपतो.

योगायोग बघा, व्हायोलिन बनवणारे युरोपातले कारागीर वाद्याच्या बाजूच्या वाकवलेल्या पट्ट्यांना ‘रिब्ज’ म्हणतात. म्हणजे फासळ्याच.

वाकवलेलं : साचा आत की बाहेर?

गिटारच्या बाजूची पट्टी साधारण २ मिलिमीटर जाड असते, व्हायोलिनची जेमतेम १ मिलिमीटर. ती ओली करून गरम लोखंडी नळीवर हळूहळू दाबत नेली की लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारा घटक उष्णतेने मऊ पडतो आणि पट्टी वळते. घाई केली तर काडकन मोडते. नळीवरून काढली की ती थोडी उलगडतेच. लाकडाला आपला सरळपणा इतक्या सहज विसरता येत नाही. म्हणून ती गार होऊन वाळेपर्यंत कुणीतरी तिला धरून बसावं लागतं. ते काम साच्याचं.

आता साचा कुठे ठेवायचा यावर तीन पंथ आहेत.

पहिला, आतला साचा. एक लाकडी फळी व्हायोलिनच्या आकारात कापायची, तिच्या खाचांमध्ये सहा ठोकळे हलक्या हाताने चिकटवायचे आणि फासळ्या बाहेरून त्या ठोकळ्यांना चिकटवायच्या. चौकट पक्की झाली की आतली फळी काढून घ्यायची. इटलीतल्या क्रेमोना गावचा अँटोनियो स्ट्राडिव्हारी असंच करायचा. तो १७३७ मध्ये गेला, पण त्याचे अक्रोडाच्या लाकडाचे साचे आजही क्रेमोनाच्या व्हायोलिन संग्रहालयात बघायला मिळतात. त्यांच्यावर त्याने खुणेची अक्षरंही घातली आहेत, आपण वह्यांवर विषयाचं नाव टाकतो तशी.

दुसरा, बाहेरचा साचा. जाड चौकटीत वाद्याच्या आकाराचं भोक पाडायचं आणि पट्ट्या आतून त्याला चिकटून बसवायच्या. केकच्या टिनसारखं. बाहेरची कड दर वेळी बरोब्बर तीच येते, म्हणून एकासारखी एक पुष्कळ वाद्यं करायची तर हा सोयीचा. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच व्हायोलिन कारखान्यांनी तो उचलला, आणि स्टीलच्या तारांच्या गिटारसाठी आज बहुतेक जण हाच वापरतात.

तिसरा पंथ स्पेनचा. तिथे उभा साचाच नाही. एका सपाट पाटावर गिटारचा आकार आखतात, पाट मधोमध किंचित खोलगट करतात, त्यावर गिटार पालथी ठेवतात आणि पट्ट्या हाताने जुळवत नेतात. आजच्या क्लासिकल गिटारचा आराखडा ज्याने पक्का केला, तो अंतोनियो दे तोरेस याच परंपरेतला. त्याने १८६२ मध्ये एक गिटार अशी केली की तिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या होत्या! आवाजाचं खरं गुपित वरच्या फळीत आहे, हे त्याला दाखवायचं होतं.

मग कुठला निवडायचा?

समजा, तुम्हाला खरंच एक गिटार करायची आहे. साच्याच्या आधी तीन प्रश्नांची उत्तरं द्या.

पहिला प्रश्न, वाजवणार कोण? दुकानात सगळ्यात जास्त दिसते ती ड्रेडनॉट. मार्टिन कंपनीने हा आकार १९१६ मध्ये आणला आणि एका ब्रिटिश युद्धनौकेवरून त्याला नाव मिळालं. खालचा घेर साडेपंधरा इंचांहून जरा जास्त. आवाज दणदणीत, गाण्याच्या साथीला मस्त. पण बुटक्या माणसाचा उजवा हात तिच्यावरून पलीकडे जाता जाता दमतो. बोटांनी नाजूक वाजवणाऱ्याला लहान घेराची, खोल कमरेची गिटार मांडीवर जास्त नीट बसते.

दुसरा प्रश्न, दांडी पोटाला कितव्या पडद्यावर मिळणार? इथे थोडं गणित आहे, पण घाबरू नका. तार ६५० मिलिमीटरची धरा. बारावा पडदा बरोब्बर मध्यावर, म्हणजे ३२५ वर येतो. पोट तिथून सुरू झालं तर घोडी पोटाच्या कडेपासून ३२५ मिलिमीटर आत बसेल. पोट चौदाव्या पडद्यापासून सुरू केलं तर हेच अंतर २९० च्या आसपास येतं. साडेतीन सेंटिमीटरचा फरक. घोडी फळीच्या रुंद भागाच्या मध्याकडे असेल की कमरेकडे सरकेल, हे यावरून ठरतं आणि आवाज त्याप्रमाणे बदलतो. इंटरनेटवरून एका गिटारचा साचा आणि दुसरीच्या दांडीचं माप घेणारे नेमके इथे फसतात.

तिसरा प्रश्न, एक करायची की दहा? एकच करायची असेल आणि नंतर आकार बदलून बघायचा असेल, तर स्पॅनिश पाट स्वस्त आणि मोकळा. दहा सारख्या करायच्या असतील तर बाहेरचा साचा. तळेगाव-चाकणच्या कंपन्यांत इंटर्नशिप केलेल्या मेकॅनिकलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. ‘जिग्ज अँड फिक्श्चर्स’च्या लेक्चरला हेच तर शिकवतात. आधी मेहनत साच्यावर, मग वेग वस्तूवर.

साचा करायचाच असेल तर

पूर्ण आकार कधीही आखू नका. अर्धाच आखा. पातळ प्लायवूडवर मधली रेघ मारून एकाच बाजूचं वळण कापायचं, कानशीने घासून गुळगुळीत करायचं, आणि मग तोच तुकडा पलटून दुसरी बाजू आखायची. दोन्ही बाजू आपोआप एकसारख्या येतात. बोट फिरवून वळण तपासा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाला लगेच कळतो.

आतला साचा वाद्याच्या बाहेरच्या कडेपेक्षा लहान हवा. व्हायोलिनमध्ये वरची फळी फासळीच्या बाहेर साधारण अडीच-तीन मिलिमीटर येते, त्यात फासळीची जाडी १ मिलिमीटर. म्हणजे सगळीकडून साडेतीन-चार मिलिमीटर आत. बाहेरचा साचा करायचा तर १८ मिलिमीटर प्लायवूडचे तीन-चार थर एकावर एक चिकटवा आणि मधोमध दोन भाग करून बोल्टने जोडा, म्हणजे काम झाल्यावर गिटार सुखरूप बाहेर येईल. आतली भिंत काटकोनात आहे ना, हे गुण्या लावून सगळीकडे बघा. आणि पट्टी लागते तिथे मेण घासा किंवा पॅकिंगची टेप लावा. नाहीतर डिंकाने गिटार साच्यालाच चिकटून बसेल.

आपल्याकडे आणखी एक पाहुणा असतो, पाऊस. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. जुलैमध्ये दार फुगून लागेनासं होतं ना, तेच साच्याचं होतं. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. म्हणजे अखंड फळीचा साचा नुसता मोठा होत नाही, त्याचा आकारच बदलतो. प्लायवूडमध्ये एकाआड एक थर आडवे-उभे असतात, ते एकमेकांना रोखतात, म्हणून इथे प्लायवूड बरं. एमडीएफ स्वस्त आणि कापायला सोपं, पण कडेने पाणी प्यायलं की फुगतं आणि पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. आणि चिकटवायची कामं पावसाळ्यात काढूच नका. फुगलेल्या लाकडाची गिटार मार्चमध्ये आकसते आणि तडकते.

उगवलेलं : मिरजेची गोष्ट

आता सप्ताहातल्या त्या वीणेकडे परत या. तिचं पोट म्हणजे भोपळा. सतारीचं आणि तंबोऱ्याचंही तेच. आणि महाराष्ट्रात ही वाद्यं म्हटली की नाव येतं मिरजेचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने, फरीदसाहेब नावाच्या कारागिराने इथे हे काम सुरू केलं. घराणं शिकलगारांचं, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. लढायांचे दिवस सरले आणि तलवारीवर बसलेला हात तारांवर बसला. आज त्या गल्लीचं नावच सतारमेकर गल्ली आहे, आणि मिरजेची सतार आणि तंबोरा या दोघांनाही २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला.

हा भोपळा आपल्या भाजीचा नव्हे. कडू, जाड सालीचा, वाळला की लाकडासारखा टणटणीत होणारा. तो येतो पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या शेतांतून. तिथून तो मिरजेत येतो, आणि इथे साच्याचं सगळं गणित उलटं होतं.

गिटारवाला आधी साचा ठरवतो आणि मग लाकूड त्यात बसवतो. मिरजेचा कारागीर आधी भोपळा निवडतो आणि मग बाकीचं वाद्य त्याच्या मापाने करतो. मोठ्या घेराचा भोपळा पुरुषी आवाजाच्या खर्जाच्या तंबोऱ्याला, त्याहून लहान बाईच्या आवाजाच्या तंबोऱ्याला, आणखी वेगळा सतारीला. घेर किती, साल किती जाड, आकार दोन्हीकडून सारखा आहे का, टिचकी मारली की कसा बोलतो, हे सगळं बघून ठरतं. मग त्यावर बसणारी तबली, म्हणजे वरची पातळ लाकडी फळी, त्या भोपळ्याच्या तोंडाप्रमाणे होते.

अर्थात भोपळ्याला अगदीच मोकळं सोडत नाहीत. कापलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात आणि आतून काठ्यांचे टेकू देऊन तोंड हव्या रुंदीला आणून वाळवतात. वाळला की काठ्या काढून घेतात. ओळखीचं वाटतंय? आकार धरायचा आणि काम झालं की निघून जायचं. स्ट्राडिव्हारीच्या फळीचं आणि या काठ्यांचं काम एकच. फरक एवढाच की फळी प्रत्येक व्हायोलिनला सारखाच हुकूम सोडते, आणि काठ्या प्रत्येक भोपळ्याशी वेगळी बोलणी करतात.

म्हणून मिरजेच्या दोन सतारी डिट्टो सारख्या नसतात. एकाला तो दोष वाटेल, दुसऱ्याला तेच वैभव.

भिंतीवरचा साचा, शेतातलं बी

खरी काळजी इथे सुरू होते. लाकडी साचा भिंतीवर टांगला की झालं. क्रेमोनाचे साचे तीनशे वर्षं तसेच राहिले, आणि आजही कुणी त्यांची मापं घेऊन त्याच आकाराचं व्हायोलिन करू शकतो. तुम्ही केलेला गिटारचा साचाही तुमची मुलं माळ्यावरून काढतील. मिरजेला ही सोय नाही. तिथला साचा दरवर्षी नव्याने पेरावा लागतो. त्याच रानात उसासारखं खात्रीचं पीक घेता येत असताना कुणीतरी न खाण्याचा भोपळा लावावा लागतो. एखाद्या वर्षी पावसाने घात केला तर त्या वर्षीचा साचाच पाण्यात. आणि शेकडो भोपळ्यांतून ‘हा तंबोऱ्याचा’ असं ओळखणारी नजर कुठल्याही भिंतीवर टांगता येत नाही. ती वर्षानुवर्षं शेजारी बसूनच मिळते.

त्यातून फोनवर तंबोऱ्याचं ॲप फुकट मिळतं. प्रवासात ते बरंही पडतं. पण प्रत्येक क्लासमध्ये, प्रत्येक रियाजात तेच वाजायला लागलं तर भोपळा विकत घेणारा कोण, आणि घेणारा नसेल तर लावणारा कोण? जीआय टॅग नावाचं रक्षण करतो. ‘मिरज’ हे नाव लावून कुणी भलतीच सतार विकू नये, यासाठी तो हवाच. पण टॅगला वेल फुटत नाही.

आणि हे सगळं आपल्यापासून फार लांब आहे असंही समजू नका. लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावणारी इंद्रायणी मावळातून देहू-आळंदीकडे जाते, तुळापूरला भीमेला मिळते, आणि भीमा उजनी धरणातून पुढे पंढरपुराकडे वाहते. टायगर पॉइंटला तुमच्या छत्रीवरून ओघळलेला थेंब पुढेमागे एखाद्या भोपळ्याच्या वेलीला पोहोचूही शकतो.

तेव्हा एवढं करा. गावात सप्ताह बसला की विणेकऱ्याची परवानगी घेऊन वीणेचा भोपळा जवळून बघा. पुण्यात गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातली जुनी वाद्यं बघा, आणि कुठलं पोट कोरलेलं, कुठलं वाकवलेलं, कुठलं उगवलेलं हे ओळखायचा खेळ खेळा. गाणं शिकत असाल तर वर्गणी काढून क्लासला एक खरा तंबोरा घ्या. आणि सुट्टीत मिरजेला गेलात तर सतारमेकर गल्लीत थोडा वेळ थांबा. तिथे टांगलेले भोपळे दिसले की विचारा, यातला माझ्या आवाजाचा कुठला?